मंडळ : शाळेतील एका शब्दाचा इतिहास

'वाङ्मय मंडळ', 'विज्ञान मंडळ', 'निसर्ग मंडळ' ही नावे शाळांच्या फलकांवर दरवर्षी नव्याने लिहिली जातात. उद्घाटनाला पाहुणे येतात, हारतुरे होतात, आभारप्रदर्शन होते, आणि त्यानंतर मंडळ बहुधा वार्षिक अहवालातच नांदते. या उपहासाला आपण सारेच सरावलो आहोत. परंतु 'मंडळ' या शब्दामागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांनी त्याची स्वतंत्र दखल फारशी घेतलेली नाही. सातारा-सांगलीच्या परिसरातून हा इतिहास पाहायचा, तर रहिमतपूरपासून आरंभ करणे सोयीचे ठरेल.

कोरेगाव तालुक्यातील या गावी नाटककार वसंत कानेटकरांचा जन्म झाला. त्यांचे वडील शंकर केशव कानेटकर, म्हणजेच कवी गिरीश, पेशाने शिक्षक आणि १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे सभासद. रविवार, चहा आणि काव्यवाचन असा या मंडळाचा क्रम असे. सभासदांचे आटोपशीर वर्तुळ, ठरलेला वार, वाचन, त्यावरची चर्चा आणि एकत्रित प्रकाशन ही त्याची घडण शाळेतील वाङ्मय मंडळाच्या घडणीहून फारशी निराळी नव्हती. त्यात नवल नाही. गिरीश शिक्षक, माधव जूलियन प्राध्यापक, वि. द. घाटे शिक्षण खात्यातले. या कवींच्या काव्यगायनाची 'झेंडूची फुले'मधून १९२५ साली यथेच्छ टिंगल करणारे आचार्य अत्रेही पुण्यातील एका शाळेचे मुख्याध्यापक! मराठी कवितेतील तो गाजलेला कलह मोठ्या प्रमाणात मास्तरांचा आपसांतला कलह होता, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

ही घडण आली कोठून? १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील आजी-माजी विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. शाळा आणि महाविद्यालय हे दोन्ही वर्ग तेव्हा तेथे एकाच छत्राखाली होते. सभासदांनी निबंध वाचावेत व इतरांनी त्यांवर चर्चा करावी, असा प्रघात पडला. तिच्या मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे होते, आणि त्या शाखेतूनच १८५० साली 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघाले. तथापि या सभेची सर्वांत मोठी कृती वाङ्मयीन नव्हती. १८४९ साली तिच्या सभासदांनी मुलींसाठी शाळा काढल्या आणि आरंभी त्यांत स्वतः विनावेतन शिकविले. निबंध वाचता वाचता त्यांना आपल्या वर्तुळाबाहेर कोण उभे आहे हे दिसले, आणि ते तेवढ्यावर थांबले नाहीत.

बाहेर उभे असलेल्यांचा आवाज मात्र कोणत्याही मंडळाच्या परवानगीची वाट पाहत बसला नाही. मूळ कटगुणचे फुले घराणे आणि नायगावच्या सावित्रीबाई ही सातारा जिल्ह्याचीच देणगी. या दांपत्याने पुण्यात चालविलेल्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. ज्यांना वेद वाचण्याचाच अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, हा तिचा प्रश्न. मराठीतील शालेय निबंधलेखनाचा इतिहास लिहायचा झाल्यास त्याचे पहिले पान येथे उघडावे लागेल. 'पावसाळ्यातील एक दिवस' फार नंतरचा.

विसाव्या शतकात या दुसऱ्या परंपरेला साताऱ्यात घर मिळाले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले, आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि वसतिगृहाची कामे स्वतः करीत. या सहजीवनाला कोणी 'मंडळ' म्हटले नाही. पण मंडळाने जे शिकवावे अशी अपेक्षा असते, म्हणजे जबाबदारी वाटून घेणे, मतभेद सांभाळणे, आपल्याहून वेगळ्या माणसाच्या शेजारी बसणे, ते तेथे रोजच्या पंक्तीत शिकले जात होते.

दोन्ही परंपरांचा संगम पाहायचा तर साने गुरुजींकडे वळावे लागते. रहिमतपूरपासून फार दूर नसलेल्या औंधच्या शाळेत ते काही काळ विद्यार्थी होते. पुढे १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवीत असताना त्यांनी तेथील छात्रालयही सांभाळले, आणि मुलांसाठी 'छात्रालय' हे दैनिक हस्तलिखित काढले. वार्षिक हस्तलिखित शोभेसाठी निघू शकते. दैनिक तसे निघू शकत नाही. त्याला रोजचे जगणेच मजकूर म्हणून लागते.

आजच्या शाळेने पहिल्या परंपरेचा सांगाडा जपला आणि दुसरीचा आशय सोडून दिला, असे आम्हांस वाटते. अध्यक्ष, सचिव, अहवाल सारे काही आहे. विद्यार्थ्यांच्या हाती निर्णय मात्र नाही. विषय शिक्षक ठरवितात, भाषण पालक लिहून देतात, बक्षीस पाठांतराला मिळते. अशा मंडळातून बाहेर पडणारा विद्यार्थी सभा कशी दिसते हे शिकतो, सभा कशासाठी भरवावी हे शिकत नाही.

म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकांना आमचे दोन गोष्टींचे आवाहन आहे. जुन्या शाळांच्या कपाटांतील हस्तलिखिते आणि मंडळांची इतिवृत्ते रद्दीत जाण्यापूर्वी वाचली जावीत. लेखकांच्या घडणीचा पुरावा आत्मचरित्रांइतकाच तेथेही असतो. आणि ती वाचताना कोणाची कविता चांगली होती एवढेच न पाहता, सभासदांच्या यादीत कोणाची नावे आहेत व गावातील कोणत्या आळीची नावे नाहीत, हेही नोंदविले जावे.