दरबारातला एक मुजरा

आम्हा बडोद्याच्या मराठी घरांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. महाराजांनी इंग्रज बादशहाला पाठ दाखवली! ही गोष्ट ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. यंदाच्या स्मरणिकेनिमित्त ती पुन्हा नीट पाहावीशी वाटली.

१२ डिसेंबर १९११, दिल्ली दरबार. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी सिंहासनावर बसलेले. प्रत्येक संस्थानिकाने पुढे येऊन लवून मुजरा करायचा आणि पाठ न दाखवता मागे सरकायचे, असा शिरस्ता होता. हैदराबादच्या निजामानंतर लगेच श्रीमंत सयाजीराव महाराजांची पाळी आली. ते हातात काठी घेऊन आले, एकदाच थोडे वाकले आणि पाठ फिरवून चालू लागले. झाले एवढेच. पण इंग्रजी वृत्तपत्रांनी राजद्रोहाची ओरड केली. दरबाराचे चित्रीकरण झाले होते, ते लंडनच्या चित्रपटगृहांतही दाखवले गेले.

एवढी खळबळ का माजावी? कारण दरबार भरवला होता तोच माना वाकलेल्या दाखवण्यासाठी. भाषणापेक्षा वाकलेली मान लोकांना लवकर पटते. एक मान कमी वाकली, तर सगळा देखावा फिका पडतो. १६६६ साली आग्र्याच्या दरबारातही शिवछत्रपतींनी औरंगजेबाकडे पाठ फिरवली होती. मराठी माणसाला ती आठवण झाल्यावाचून कशी राहील?

पुढचा भाग मात्र घरात कुणी सांगत नसे. महाराजांनी व्हाईसरॉय हार्डिंग यांना पत्र लिहिले : आपला गोंधळ उडाला, अवमानाचा हेतू नव्हता. हे पत्र वृत्तपत्रांत छापून आले. त्याने महाराज लहान होतात, असे आम्हांला वाटत नाही. १८७५ साली इंग्रजांनी मल्हाररावांना गादीवरून दूर केले होते, म्हणूनच तर सयाजीराव गादीवर आले. गादी कशी जाते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

आम्ही सरकारी नोकर. साहेबांपुढे कोण किती वाकतो आणि का, हे रोज पाहतो. त्यामुळे दरबारात महाराजांच्या मनात काय होते, याचा निवाडा आम्ही करणार नाही. लोकांनी पत्र विसरून पाठ लक्षात ठेवली, हे मात्र खरे. आणि ज्या राजाने १९०६ साली संस्थानभर सक्तीचे, मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, त्याची ओळख त्या चार पावलांपुरती ठेवू नये, एवढेच सांगणे.

आरतीनंतर बाप्पापुढे आपण सारे वाकतो. तिथे कुणी मोजत नाही, हे किती बरे!