अंड्यावरची जकात



मंदी आली म्हणजे मनात पहिला विचार येतो तो हा, की परमुलखाचा माल वेशीवरच अडवा, म्हणजे आपला खपेल. वरवर पाहता खरेच वाटते हो! पण आपली गाडीही शेजारच्या बाजाराला जातेच ना? तीही त्यांनी अडवली तर?

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत शेतमालाचे भाव कोसळले. शेतकरी कर्जात रुतला. परदेशी शेतमालावर जकात वाढवून त्याला आधार देऊ, असे आश्वासन हर्बर्ट हूव्हर यांनी १९२८ च्या निवडणुकीत दिले. पुढे स्मूट व हॉली या दोघांच्या नावाने विधेयक आले. निघाले होते शेतकऱ्यासाठी. पण कारखानदारही पुढे सरसावले आणि शेकडो जिनसांवरची जकात चढली. हजाराहून अधिक अर्थशास्त्रज्ञांनी विरोध केला. तरीही १७ जून १९३० रोजी हूव्हर यांनी सही केली.

आता अंड्यांचेच पाहा. अमेरिकेने डझनामागे ८ सेंटांची जकात १० सेंट केली. कॅनडाने आपली ३ सेंटांची १० सेंटांवर नेली. १९२९ साली अमेरिकेतून सुमारे ९ लाख डझन अंडी कॅनडात गेली होती. १९३२ साली गेली जेमतेम ८ हजार डझन. दोन सेंटांच्या आधारापायी गिऱ्हाईकच तुटले!

शिक्षकांनी वर्गात फळ्यावर एक हिशेब मांडावा. समजा, ४० सेंटांच्या मालावर १० सेंट जकात आहे, म्हणजे चौथाई. मंदीत भाव २० सेंटांवर आला, की तीच जकात निम्मी झाली. कायदा न बदलताही वेस अशी उंच होते.

१९२९ ते १९३३ या काळात जगाच्या व्यापाराची किंमत सुमारे दोन-तृतीयांशाने घटली. सारा दोष जकातीचा नव्हे. मागणी आटली होती, भाव पडले होते, बँका बुडत होत्या. पण आजाऱ्याच्या खोलीची खिडकी लावून घ्यावी, तसे जकातीने झाले.

अखेर १९३४ साली अमेरिकेने परस्पर सवलतींचा कायदा केला. १९४७ साली जिनिव्हात २३ देशांनी जकाती उतरवण्याचा करार केला; त्यांत भारतही होता.

जकात मुळीच नको, असे मी म्हणत नाही. १९३२ सालच्या संरक्षणाने आपल्याकडे साखर कारखाने वाढले, हेही खरेच. मात्र वेशीला दार लावताना एक विचारावे: उद्या आपली गाडी कोणत्या दारातून बाहेर जाणार आहे?