बहरीन : बेटावर आलेले आणि बेटाचे झालेले

उर्दू जाणणाऱ्यांना 'बहर' म्हणजे समुद्र हे सांगायला नको. बहरीन म्हणजे दोन समुद्र. या बेटांभोवती समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे फुटत, म्हणून एक समुद्र खारा आणि एक गोड, असा या नावाचा अर्थ सांगतात. देश लहान, बृहन्मुंबईपेक्षा थोडाच मोठा. कोकणातल्या मोहल्ल्यांना मात्र आखातातले हे नाव परके नाही.

आज तिथे नागरिकांपेक्षा परदेशी जास्त आहेत. 1941 च्या शिरगणतीत सुमारे 90 हजार लोकांत परदेशी साधारण 18 टक्के होते. 1971 मध्ये लोकसंख्या 2 लाख 16 हजार झाली, तरी हे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले. 1981 मध्ये ते 32 टक्के झाले, 2010 मध्ये 54. 2020 मध्ये एकूण 15 लाखांत नागरिक होते सुमारे 7 लाख 12 हजार. म्हणजे नागरिक घटले नाहीत. पन्नास वर्षांत ते चौपट झाले, पण बाहेरून आलेले त्याहून कितीतरी वेगाने वाढले.

याचे कारण फक्त तेल म्हणता येणार नाही. तेल 1932 मध्येच सापडले होते. खरा वेग आला तो 1973 नंतर, तेलाचे भाव भडकल्यावर. रस्ते, बंदरे, इमारती, बँका हे सगळे एकदम उभे करायचे, तर बेटावर तेवढे हात नव्हते. ते हात भारत, पाकिस्तान, बांगलादेश, फिलिपीन्समधून आले.

पण बाहेरून माणसे येणे बहरीनला नवे नव्हते. तेलाआधी बेट मोत्यांवर जगत होते आणि ते मोती मुंबईच्या बाजारात येत. व्यवहार भारतीय रुपयात चाले. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला आणि 1965 मध्ये बहरीनचा स्वतःचा दिनार आला. त्या काळात इराणातून आलेले, नज्दहून आलेले, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले, सिंधमधले भाटिया व्यापारी असे अनेक लोक तिथे राहिले. इराणी मुळाच्या 'अजम' लोकांचे वंशज आज बहरीनी नागरिक आहेत. घरात फारसी बोलून माणूस बहरीनी होऊ शकत होता.

बदलले ते इथे. 1963 च्या कायद्याने नागरिकत्वासाठी अरबांना 15 वर्षांच्या आणि इतरांना 25 वर्षांच्या वास्तव्याची अट घातली. अट पूर्ण केली तरी तो हक्क होत नाही, देणे न देणे सत्तेच्या मर्जीवर. त्यातून नागरिकत्व कोणाला द्यायचे, हा तिथल्या शिया-सुन्नी राजकारणातलाही नाजूक प्रश्न आहे. बहरीनी आई आणि परदेशी बाप असेल, तर मुलालाही आईचे नागरिकत्व मिळत नाही. नोकरीला गेलेल्याचा मुक्काम तर कफीलच्या कागदावर अवलंबून. अलीकडे नियम थोडे सैल झाले, पण नोकरी संपली की परतायचे, हे बहुतेकांसाठी तसेच आहे.

आपल्यातले काही भोळेपणाने म्हणतात, "मुसलमानांचा मुल्क आहे, आपलाच समजा." नमाजच्या सफेत खांद्याला खांदा लागतो, हे खरेच. पण पासपोर्ट दीन विचारत नाही. मनामाच्या जुन्या बाजारातला हिंदू कारकून आणि रत्नागिरीचा मुसलमान फोरमन, दोघेही शिरगणतीत एकाच रकान्यात असतात, बिगर-बहरीनी.

म्हणून एक विनंती. तीस-तीस वर्षे आखातात घालवून परतलेले अब्बा, चाचा, मामू आपल्या घराघरांत आहेत. तिथल्या शिरगणतीत ते मोजले गेले, पण तिथल्या इतिहासात त्यांची नावे नाहीत. त्यांचे जुने पासपोर्ट, करारपत्रे, घरी लिहिलेली पत्रे रद्दीत देऊ नका. ते हयात आहेत तोवर जवळ बसा आणि विचारा : कोणत्या साली गेलात, कोणी नेले, पगार किती होता, किती जण एका खोलीत राहत होता? उत्तरे साल घालून वहीत उतरवा. हा इतिहास दुसरे कोणी लिहिणार नाही.