विहिरीवरचे इंजिन बंद का पडे?

१९७२ चा दुष्काळ म्हटला की खडी फोडणारी माणसे, सुकडी आणि मिलो आठवते. त्या काळात विहिरींवर अडून बसलेल्या डिझेल इंजिनांची आठवण मात्र फारशी निघत नाही. मोट आणि विजेची मोटार यांच्या मधला काळ याच यंत्राचा होता. त्याचा आजार नेमका कुठे आहे, हे ओळखण्याची विद्या गावोगावच्या मिस्त्र्यांच्या कानांत आणि बोटांत होती.

परभणी-जिंतूर रस्त्यावरील झरी घ्या. नाव ऐकताच झरा आठवावा, पण भोवतालची काळी जमीन पाण्यासाठी विहिरीकडेच पाहणारी. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. विहिरीवर तेव्हा चामड्याची मोट, नाडा, सोंदूर आणि धावेवर मागेपुढे चालणारे बैल असत. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला ‘किर्लोस्कर ऑईल इंजिन्स’ सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पाच अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे उभे इंजिन महाराष्ट्राच्या शिवारांत ओळखीचे झाले. अनेकांनी ते भूविकास बँकेच्या कर्जावर घेतले. हप्ता पिकावर, पीक पाण्यावर आणि पाणी इंजिनावर अवलंबून. ऐन भरात इंजिन बंद पडले, तर नुकसान दुरुस्तीच्या खर्चापुरते राहत नसे.

आता थोडे यंत्राविषयी. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याची १८९३ मधील पहिली चाचणी फसली. १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वी ठरले. त्याची कल्पना अशी की ठिणगी नकोच. सिलिंडरमधील हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापावी, आणि त्या तप्त हवेत इंधनाचा फवारा सोडताच ते पेटावे. शेतावरच्या इंजिनात हवा सुमारे सोळा-सतरा पट दाबली जाते. स्पार्क प्लग नाही, चालण्यासाठी बॅटरी नाही. म्हणून इंजिन सुरू होत नसेल, तर संशयित तीनच: हवा, इंधन किंवा दाब. खेड्यातल्या मिस्त्र्याला हे यंत्र आपलेसे करता आले, याचे खरे कारण हा साधेपणा आहे.

दाबाची परीक्षा हॅण्डलवर होई. वरचा खटका उचलून फ्लायव्हीलला वेग द्यायचा आणि खटका सोडायचा. चाक अडखळून मागे उसळले तर दाब शाबूत. सहज फिरत राहिले तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा रिंगा झिजल्या. पुढची साक्ष धुराची. काळा धूर म्हणजे हवा अपुरी, नोझल खराब किंवा भार जास्त. निळसर धूर म्हणजे रिंगांना चकवून वर आलेले वंगण जळते आहे. पांढरा धूर म्हणजे इंधन न पेटताच बाहेर पडते आहे. कधी डिझेलमध्ये पाणीही असे. टाकी एकदा कोरडी पडली की नळीत हवा शिरे. मग पंपाजवळचा नट सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे लागे. नोझल बाहेर काढून हॅण्डल मारले की धुक्यासारखा बारीक फवारा आणि कुर्रकुर्र आवाज यायला हवा. थेंब गळले तर दोष तिथेच. त्या फवाऱ्यापुढे हात मात्र धरायचा नाही, तो कातडीतून आत घुसतो.

व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासणे, रिंगा बदलणे ही कामे त्यानंतरची. चांगला मिस्त्री उगाच पाना हातात घेत नसे.

याच वर्षांत मुंबई राज्याच्या किनाऱ्यावर, सरकारी कर्ज आणि अनुदानाच्या आधाराने, मासेमारीच्या शिडाच्या होड्यांना डिझेल इंजिने बसत होती. दुखणी बरीचशी तीच: इंधनात पाणी, नळीत हवा, थंड करणाऱ्या पाण्याची तुंबलेली वाट. फरक एवढाच की भर समुद्रात इंजिन अडले तरी शीड उभारता येई. विहिरीवर मोटेचे चामडे वाळून गेले असेल आणि बैल विकले असतील, तर मागे फिरायला वाट नव्हती.

इंजिन थंड ठेवण्याची रीत इथे महत्त्वाची ठरते. पुष्कळ ठिकाणी पंपाने उपसलेल्या पाण्यातलीच एक बारीक धार इंजिनातून फिरवलेली असे. बाहेर पडणाऱ्या धारेखाली हात धरून प्रकृती समजे. विहीर आटली आणि पंपाने पाणी सोडले की ती धारही थांबे. लक्ष गेले नाही तर पिस्टन लायनरमध्ये अडकून बसे. म्हणजे दुष्काळात बिघाड पुष्कळदा इंजिनात नसून विहिरीत होता.

शिवाय पंप पाणी वर ओढतो ते व्यवहारात सात-आठ मीटरपर्यंतच. पाणी त्याखाली गेले की इंजिनासह पंप विहिरीच्या आत, एखाद्या कपारीवर उतरवत. तेथे धूर कोंडे. धुराने भरलेल्या विहिरीत इंजिन बंद करायला उतरणारा माणूस गुदमरून पडे आणि त्याला काढायला उतरणाराही. यंत्राच्या इतिहासात हे बळी क्वचितच मोजले जातात.

याच रस्त्याने पुढे, जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवरील येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झाले आणि तिथे वीजही तयार होऊ लागली. ती शिवाराच्या प्रत्येक विहिरीपर्यंत पोहोचायला मात्र वेळ लागला. तोवर धूर पाहणारे मिस्त्री कामात होते. मोटार आली तेव्हा बिघाडाचे स्वरूपच बदलले: ती धूर सोडून, धाप लागून आधी सूचना देत नाही, जळते, आणि रिवायंडिंगच्या दुकानात जाते. दुरुस्तीची जागा विहिरीच्या काठावरून बाजारपेठेत गेली. इंजिन गोठ्यात झाकून ठेवले गेले, वीज गेली की बाहेर काढण्यासाठी.