तगरची लेक समुद्रापार

लातूर-नांदेडकडच्या एखाद्या धीट मुलीला नायिका करून कुणी समुद्रसफरीची ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतली, तर पहिला आक्षेप भूगोलाचा येईल. इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. १८७१च्या 'मोचनगड'पासून आपली ऐतिहासिक कादंबरी रमली ती गडकिल्ल्यांत. तिच्यात समुद्र आला तर कोकणातून, आंग्र्यांच्या आरमाराबरोबर. मराठवाड्याच्या वाट्याला दुष्काळ, निजामी आणि संतांची गावं एवढंच येतं. मला हे मान्य नाही. समुद्रापार गेलेल्या मराठी मुलखातल्या नायिकेचं कूळ शोधायचं तर ते मराठवाड्यातच सापडतं, आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा आज इटलीतल्या नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

१९३८ साली अमेदेओ मायुरी या उत्खननकाराला पॉम्पेईतल्या एका घरात हस्तिदंती स्त्रीप्रतिमा मिळाली. उंची साधारण वीतभर. अंगावर वस्त्र नाही, पण दागिन्यांना तोटा नाही: गळ्यात हार, कमरेला मेखला, मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्या, पायांत जड वाळे. एक पाय दुसऱ्यावरून टाकून ती ऐटीत उभी आहे. दोन्ही बाजूंना तिच्या मांडीएवढ्या उंचीच्या दासी, हातांत शृंगाराचं सामान घेतलेल्या. डोक्यातून खाली भोक पाडलेलं आहे, म्हणजे ही पूजेची मूर्ती नव्हे. आरशाची मूठ किंवा लाकडी सामानाचा पाय असावा. 'पॉम्पेईची लक्ष्मी' हे नाव तिला चिकटलं खरं, पण कमळ नाही, हत्ती नाहीत. यक्षी म्हणणंच अधिक योग्य. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेखाली ते शहर गाडलं गेलं, तेव्हा ती तिथे होती. इतकी पक्की कालमर्यादा आपल्याकडच्या फार थोड्या पुराणवस्तूंना लाभली आहे.

आता माहेर. हिच्याशी घडणीत फार जवळची हस्तिदंती बाहुली तेरला मिळाली आणि तिथले संग्राहक रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहात आली. तेर म्हणजे प्राचीन तगर, हे पुराभिलेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ मध्ये सिद्ध केलं. तेर आज धाराशिव जिल्ह्यात आहे. १९८२पर्यंत लातूर आणि तेर एकाच जिल्ह्यात होते. दुसरी जवळची प्रतिमा भोकरदनच्या १९७३च्या उत्खननातली. म्हणजे या रूपाच्या भावंडांपैकी दोघी मराठवाड्याच्याच. शिवाय वाट लिहून ठेवलेली आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर सांगितलं आहे. तिथून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून, धड वाट नसलेल्या मुलखातून, भडोचला जाई. कल्याण जवळ असताना भडोचचा वळसा का? तेही ती पुस्तिका सांगते: कल्याणच्या बंदराची नाकेबंदी होती, आणि तिथे चुकून शिरलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. भडोचचं बंदरही सोपं नव्हतं. नर्मदेच्या मुखाशी वाळूचे दांडे आणि भयंकर भरती. राजाचे नावाडी लांब नावा घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि जहाजं ओढून आणत. भरती असेतो पुढे सरकत, ओहोटी लागली की ठरलेल्या जागी नांगर टाकत. याहून थरारक प्रसंग कादंबरीकाराला कल्पनेनं रचावा लागणार नाही.

यावर जाणकारांचा आक्षेप असा, की पॉम्पेईच्या प्रतिमेवर खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे. खरोष्ठी ही वायव्येची लिपी. शिवाय अफगाणिस्तानात बेग्रामला हस्तिदंती कामाचा मोठा साठा सापडला आहे. मग मराठवाड्याचा हक्क कुठे राहिला? आक्षेप वजनदार आहे, पण निर्णायक नाही. भडोच ज्या क्षहरात क्षत्रपांच्या ताब्यात होतं, त्यांच्यातल्या नहपान राजाच्या नाण्यांवर ग्रीक आणि ब्राह्मीबरोबर खरोष्ठीही आहे. दख्खनचा माल जिथून जहाजावर चढे, तिथेच ही लिपी वापरात होती. अक्षर कारागिराच्या गावाबद्दल बोलतं की वाटेतल्या खुणेबद्दल, हे त्यावरून ठरत नाही. घडण मात्र तेर-भोकरदनकडे बोट दाखवते. म्हणून मला मराठवाड्याचा हक्क अधिक बळकट वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे: बाहुली गेली, मुलगी कुठे गेली? समुद्रावर मुली होत्या, पण फार वेगळ्या अर्थानं. भडोचच्या आयातीच्या यादीत चांदीची भांडी आणि उंची मद्य यांच्याबरोबर राजाच्या अंतःपुरासाठी सुंदर मुलीही मोजल्या आहेत. त्या महिनोन्महिने जहाजावर होत्या आणि त्यांतल्या एकीचंही नाव कुणी टिपलं नाही. समुद्रकथेला धीट मुलगी हवी असेल तर हे विसरून चालणार नाही. नुसती वल्ही मारणारी हसरी नायिका हा त्या मुलींवर अन्याय होईल. पण त्याच काळाच्या आगेमागे नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, नाशिकच्या लेण्यात नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिनं स्वतःच्या नावानं दिलेलं दान आहे. स्वतःचं धन स्वतःच्या नावानं खर्चणाऱ्या बाया इथे होत्या. तगरच्या दंतकाराची किंवा मलमलीच्या व्यापाऱ्याची लेक गाड्यांबरोबर भडोचला पोचली आणि तिथे परदेशातून उतरवलेल्या मुलीसमोर उभी राहिली, ही कल्पना पुराव्याच्या कुंपणाबाहेर जात नाही.

नांदेडचं काय, असंही कुणी विचारेल. पेरिप्लस म्हणते की तगरला किनाऱ्याच्या प्रदेशातूनही माल येई. फ्लीट यांनी पूर्वेकडून मच्छलीपट्टणहून येणारी वाट मांडली आहे. पुढे चौथ्या शतकातल्या वाशीमच्या वाकाटक ताम्रपटात नांदीकड, म्हणजे नांदेड, आणि त्याचा उत्तर मार्ग येतो. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातल्या तळ्याचं नावच जगत्तुंग समुद्र आहे. पाण्याची ओढ आणि वाटांची माहिती या मुलखाला परकी नव्हती.

पॉम्पेईची प्रतिमा पाहायला नेपल्सला जावं लागतं; तिची बहीण तेरच्या लामतुरे संग्रहालयात आहे. लातूर-नांदेडच्या लिहित्या मुलींनी आधी ती पाहून यावी, आणि ही कादंबरी त्यांनीच लिहावी.