नवी मुंबईतील गृहकर्ज आणि व्याजाचा खरा दर

१७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडको या सरकारी महामंडळाने ठाणे खाडीपलीकडच्या संपादित जमिनीवर नवे शहर वसवण्यास प्रारंभ केला, तेव्हा पगारदार माणसाला घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देणारी संस्थात्मक व्यवस्था देशात फारशी नव्हती. हसमुखभाई पारेख यांनी १९७७ मध्ये एचडीएफसी या गृहकर्ज संस्थेची स्थापना केली, १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक अस्तित्वात आली, आणि १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू झाल्यावर मुंबईत नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गाला खाडीपलीकडचे घर हप्त्यांवर घेणे शक्य वाटू लागले.

या काळात कर्जदार दोन संस्थांच्या दरांची तुलना करी, परंतु दर सारखा असूनही कर्जाची किंमत वेगळी असू शकते, हे त्याला सांगण्याचे बंधन कोणावर नव्हते. हप्ता दरमहा भरला जाई, मात्र काही संस्था मुद्दलातील घट वर्षअखेरीसच हिशेबात धरत. या ‘वार्षिक घटत्या शिल्लक’ पद्धतीत फेडलेल्या रकमेवरही उरलेले महिने व्याज चालू राही. १४ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतलेल्या एक लाखाचा मासिक हप्ता मासिक पद्धतीने सुमारे १,३३२ रुपये, तर वार्षिक पद्धतीने सुमारे १,३५७ रुपये होतो, म्हणजेच कागदावर १४ टक्के असलेला दर प्रत्यक्षात १४.३७ टक्क्यांच्या घरात जातो. ही तफावत कर्जदारापासून दडून राहणे अन्यायकारक होते, विशेषतः ज्या महाराष्ट्रात १८७५ मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने कर्जव्यवहाराच्या पूर्वेतिहासाची तपासणी न्यायालयांकडे सोपवली, त्या महाराष्ट्रात.

पुढे २०१० मध्ये बेस रेट म्हणजे बँकेचा आधार दर, २०१६ मध्ये निधीच्या सीमांत खर्चावर आधारित एमसीएलआर आणि ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या बदलत्या दराच्या गृहकर्जांसाठी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरासारखा बाह्य मानदंड आला. पण या साऱ्या सुधारणा व्याज कशाच्या आधारे ठरते यापुरत्या होत्या. एकूण खर्चाचा प्रश्न रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने हाती घेतला. त्यानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसोबत प्रमुख तथ्यांचे विवरणपत्र, कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत, देणे बंधनकारक झाले आणि त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, नमूद करावा लागतो. व्याज, प्रक्रिया शुल्क आणि कर्जदात्याने त्रयस्थांसाठी वसूल केलेले विमा वा कायदेशीर सल्ल्याचे शुल्क एकत्र धरून काढलेला हा वार्षिक दर असतो. ५० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी ८.५ टक्क्यांनी घेतले आणि त्यावर एक टक्का प्रक्रिया शुल्क आकारले गेले, तर एपीआर सुमारे ८.६४ टक्के येतो. त्यामुळे शुल्क न घेणाऱ्या बँकेचा ८.६ टक्क्यांचा दर वरवर महाग दिसला तरी पूर्ण मुदतीत स्वस्त पडतो. कर्ज लवकर फेडायचे असल्यास सुरुवातीच्या शुल्काचा भार थोड्याच वर्षांवर पडतो आणि ही तफावत आणखी वाढते.

नवी मुंबईत मात्र या आकड्यालाही मर्यादा आहे. येथील बहुतांश जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली असल्याने गहाणासाठी ना-हरकत प्रमाणपत्र आणि घर विकताना हस्तांतरण शुल्क लागते. थेट सिडकोकडे भरला जाणारा हा खर्च किंवा मुद्रांक शुल्क एपीआरमध्ये येत नाही. शिवाय बदलत्या दराच्या कर्जात एपीआर त्या दिवसाच्या दरावर काढलेला असतो. म्हणून दोन बँकांची विवरणपत्रे एकाच रकमेसाठी, एकाच मुदतीसाठी आणि मराठीत मागून घ्यावीत, आणि सिडकोचा खर्च त्यांच्या शेजारी वेगळा मांडावा.