डीएमसीचा जन्मदाखला

आजचा भाग दोन दिवस उशिरा आला, कारण शनिवारी रेकॉर्ड केलेलं सगळं मी रविवारी पुसून टाकलं. विषय हाच होता, पण पहिल्या वेळी मी तो रॅपचा इतिहास म्हणून सांगत सुटलो होतो. ऐकताना लक्षात आलं की ही गोष्ट मुळात एका कागदाची आहे.

सुरुवात घरातूनच करतो. मागच्या महिन्यात मावशीचा फोन आला. तिची मुलगी सहा वर्षांची आहे, आठ महिन्यांची असताना दत्तक घेतलेली. मावशी म्हणाली, "अरे, तू ते पॉडकास्ट वगैरे करतोस, चार गोष्टी वाचतोस. मला सांग, हिला कधी सांगायचं?" काकांचं म्हणणं, आत्ताच सांगू या. आजीचं म्हणणं, सांगायचंच कशाला, कागदावर आईबाप तुम्हीच आहात ना? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण 'कागदावर' हा शब्द डोक्यात राहिला आणि त्यावरून मला डॅरिल मॅकडॅनियल्स आठवला.

हे नाव ओळखीचं नसेल तर रन-डीएमसी हे नाव नक्की ऐकलं असेल. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली हॉलिस ही वस्ती, तिथली तीन पोरं : जोसेफ सिमन्स, जेसन मिझेल आणि आपला डॅरिल, म्हणजे डीएमसी. १९८६ साली त्यांचा 'रेझिंग हेल' अल्बम आला, एरोस्मिथबरोबरचं 'वॉक धिस वे' जगभर वाजलं, आणि रॅप ही गल्लीतली चीज आहे असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. एवढं पुरे, हा भाग त्याबद्दल नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. त्या काळच्या रॅपमध्ये पहिलं काम असायचं स्वतःची ओळख सांगणं. मी कोण, माझं नाव काय, मी कुठल्या गल्लीतला, माझ्यासारखा दुसरा कसा नाही. १९८३च्या 'सकर एम.सीज'मध्ये डॅरिल आपण क्वीन्सचे आहोत, सेंट जॉन्स युनिव्हर्सिटीत शिकतो, हे सगळं ठणकावून सांगतो. म्हणजे बघा, या माणसाचा धंदाच 'मी कोण' हे माइकवर सांगण्याचा.

आणि वयाच्या पस्तिसाव्या वर्षी त्याला कळलं की त्यातली पहिली ओळच त्याला माहीत नव्हती.

झालं असं की तो आत्मचरित्र लिहीत होता. सुरुवात जन्मापासून करायची म्हणून त्याने आईला फोन केला : मी कुठल्या हॉस्पिटलात जन्मलो, किती वाजता, वजन किती होतं? साधे प्रश्न. आपल्याकडे आत्यासुद्धा झोपेतून उठून सांगेल. आईने तेवढी उत्तरं दिली आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने आईवडिलांचा दोघांचा मिळून परत फोन आला. तू आमच्या पोटचा नाहीस, लहान असताना तुला घरी आणलं, आमचं तुझ्यावर प्रेम आहे. एवढंच बोलून विषय संपला.

मी हा किस्सा त्याच्या मुलाखतींत कितीतरी वेळा ऐकलाय. प्रत्येक वेळी मला त्या म्हाताऱ्या जोडप्याचंच जास्त वाटतं. पस्तीस वर्षं एक वाक्य घशात अडकलेलं, आणि ते बाहेर पडलं तेही फोनवर.

डॅरिल तेव्हा तसाही बरा नव्हता. आवाजाच्या विकारामुळे त्याचा तो गडगडाटी आवाज गेला होता, दारू वाढली होती, आणि जीव द्यावा असे विचार रोज येत होते. त्याबद्दल त्याने पुढे २०१६ साली एक अख्खं पुस्तकच लिहिलं. त्या काळात गाडीत बसल्या बसल्या रेडिओवर सारा मॅक्लॅक्लन या कॅनडाच्या गायिकेचं 'एंजल' लागलं. काळ्या लेदर जॅकेटातला हार्डकोर रॅपर आणि पियानोवरचं ते हळवं गाणं! पण त्याने ते पुढचं वर्षभर जवळजवळ दुसरं काही न ऐकता ऐकलं. आपण त्या गाण्यामुळे जगलो, असं तो सांगतो. पुढे एका पार्टीत ती भेटली तेव्हा त्याने तिलाही हे सांगून टाकलं.

आता कागदाकडे येऊ. इथे मला जरा रेंगाळायचंय.

अमेरिकेत मूल दत्तक गेलं की त्याचा नवा जन्मदाखला बनतो. त्यावर दत्तक आईवडिलांची नावं जणू त्यांनीच जन्म दिला अशी छापलेली असतात. मूळ दाखला सीलबंद होऊन सरकारी कपाटात जातो. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी सांगायचं तर जुनी नोंद डिलीट होत नाही, पण तिच्यावर नवी नोंद बसवून जुनीचा ॲक्सेस काढून घेतला जातो. आणि तोही त्याच युजरचा, ज्याची ती नोंद आहे.

ही पद्धत पुरातन वगैरे नाही. ती मुख्यतः १९३० आणि ४०च्या दशकांत रुजली, आणि सुरुवातीचा हेतू वाईट नव्हता. तेव्हा अविवाहित आईच्या मुलाच्या दाखल्यावर 'अनौरस' असा शिक्का असायचा. शाळेत, नोकरीत तो कागद दाखवावा लागे. पोरांची त्यातून सुटका व्हावी म्हणून समाजसेवकांनी नव्या दाखल्याची वाट काढली. आधी मूळ कागद बाहेरच्यांपासून लपवला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर एकेक राज्य करत तो खुद्द त्या मुलापासूनही लपवला गेला, मूल चाळीस वर्षांचं झालं तरी. कॅन्सस आणि अलास्का या दोन राज्यांनी मात्र सज्ञान दत्तकांना आपला दाखला कधीच नाकारला नाही, आणि तिथे काही आकाश कोसळलं नाही. उलट टेनेसीत काय झालं बघा. मेम्फिसमध्ये जॉर्जिया टॅन नावाच्या बाईने गरिबांची मुलं पळवून, फसवून श्रीमंतांना विकण्याचा धंदा १९५०पर्यंत चालवला. असल्या धंद्याला सीलबंद कागदासारखं सोयीचं दुसरं काय असणार?

याविरुद्ध लढणारेही होते. १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये फ्लॉरेन्स फिशर या दत्तक बाईने 'अल्मा' ही संघटना काढली. त्यांनी कोर्टात मांडलेला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. गुलामगिरीत मुलांना आईबापांपासून तोडून टाकत आणि कोण कुणाचं हे कळू देत नसत. सीलबंद कागद ही त्याच गुलामगिरीची खूण आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९७९ साली ते अपिलात हरले. हार्लेममध्ये जन्मलेल्या काळ्या डॅरिलची गोष्ट ऐकताना मला तो मुद्दा परत परत आठवतो.

आणि आपल्याकडे? गंमत म्हणजे आपल्याकडे दत्तक हा वाजतगाजत करायचा विधी होता. कवळाण्याच्या गोपाळरावाला १८७५ साली बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं आणि तो सयाजीराव झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरचा शाहू झाला. ते मूळचे कुठले, हे कुणीही लपवलं नाही, आजही पाठ्यपुस्तकात असतं. झाशीच्या गंगाधररावांनी तर मरणाच्या आदल्या दिवशी इंग्रज अधिकाऱ्याला समोर बसवून दत्तक घेतला, आणि डलहौसीने तरीही तो मानला नाही.

पण फार फुशारकी नको. ते दत्तक गादीसाठी, वंशासाठी, पिंडदानासाठी होते. मूल बहुधा भाऊबंदांतलं, आणि मुलगाच. हिंदू कायद्याने मुलगी दत्तक घेण्याची सरळ सोय झाली ती १९५६ साली. घर नसलेल्या मुलाला घर मिळावं, हा विचार त्यात नव्हताच. तो आला आणि नेमकी तेव्हाच कुजबुज सुरू झाली. आमच्या नात्यातली एक काकू मावशीच्या मुलीला अजून 'आणलेली' म्हणते, तेही आवाज खाली करून.

तर, डॅरिल. खरं कळल्यावर त्याने सारा मॅक्लॅक्लनला विचारलं, माझ्याबरोबर गाणं करशील का? तिने होकार दिला. त्यातून 'जस्ट लाइक मी' तयार झालं आणि २००६ साली त्याच्या एकट्याच्या अल्बमवर आलं. चाल घेतली हॅरी चेपिनच्या 'कॅट्स इन द क्रेडल'ची. १९७४ सालचं हे गाणं मुलासाठी वेळ नसलेल्या बापाचं आहे, आणि डॅरिल लहानपणी रेडिओवर असली गाणी आवडीने ऐकायचा. मूळ गाण्यात बाप घरात असून पोराला भेटत नाही. नव्या गाण्यात जन्मदाती घरात नाहीच, आणि पोरगा तिच्याशी बोलतोय. चाल तीच ठेवल्यामुळे अमेरिकन श्रोत्याच्या कानात जुनं गाणं आपोआप वाजत राहतं. ही निवड मला हुशारीची वाटते.

बाकी खरं सांगू? रॅप म्हणून हे त्याचं उत्तम काम नाही. गेलेल्या आवाजाची खरखर ऐकू येते, शब्द साधे आहेत, अल्बमही फारसा चालला नाही. पण १९८३चं गाणं ऐकून लगेच हे ऐका. तोच माणूस परत एकदा 'मी कोण' सांगतोय. फरक एवढाच की या वेळी जन्मापासून सांगतोय : जन्म दिला एकीने, वाढवलं दुसरीने, आणि दोघींपैकी कुणालाही तो कोर्टात उभं करत नाही.

रेकॉर्डिंग झाल्यावर सारा त्याला म्हणाली की मीसुद्धा दत्तक आहे. त्याला हे माहीतच नव्हतं! जिच्या गाण्याने तो जगला, ती तीच गोष्ट घेऊन समोर उभी होती. असं काही सिनेमात दाखवलं तर मी उठून गेलो असतो.

त्याच वर्षी त्याच्या शोधावर व्हीएच१ वाहिनीने माहितीपट दाखवला, त्यात त्याची जन्मदाती त्याला भेटते. शीला जॅफी ही 'सोप्रानोज'ची कास्टिंग डायरेक्टर, तीही दत्तक. दोघांनी मिळून 'फेलिक्स ऑर्गनायझेशन' काढली. फॉस्टर केअरमधल्या, म्हणजे सरकारी व्यवस्थेतून तात्पुरत्या घरांत राहणाऱ्या मुलांसाठी ती उन्हाळी शिबिरं घेते. अशा मुलांसमोर तो उभा राहतो आणि सांगतो की मी तुमच्यातलाच. मला वाटतं, गाण्याचा खरा उपयोग तिथे झाला. हिट होण्यापेक्षा ते ओळखपत्रासारखं वापरलं गेलं.

आणि कायदा? मूळ दाखले खुले करा म्हणणाऱ्यांत डॅरिलही होता, आमदारांकडे जाऊन बोलला. न्यूयॉर्कने शेवटी २०१९ साली कायदा बदलला. १५ जानेवारी २०२०पासून अठरा वर्षांवरच्या कुणाही दत्तकाला तिथे आपला मूळ जन्मदाखला अर्ज करून मिळतो. हे गाण्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. मध्ये तेरा वर्षं गेली, आणि आल्बनीच्या विधानभवनात वर्षानुवर्षं खेटे घालणाऱ्या, कुठलाही अल्बम नसलेल्या माणसांचं ते श्रेय आहे. विरोध करणाऱ्यांचाही एक मुद्दा खरा होता : ज्या आयांना 'तुझं नाव कधीच कळणार नाही' असं सांगितलं गेलं, त्यांचं काय? त्याचं सोपं उत्तर मला सापडलेलं नाही. फक्त त्या काळी तसं वचन मागण्याइतकी मोकळीक किती जणींना होती, हा प्रश्न मनात येतो.

आपल्याकडच्या दत्तक नियमांत 'रूट सर्च' नावाची तरतूद आहे. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर मूल आपल्या मुळाची माहिती अधिकृत यंत्रणेकडे मागू शकतं. जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर आधी त्यांची संमती लागते. ऑस्ट्रेलियाची माजी क्रिकेटपटू लिसा स्थळेकर पुण्यात जन्मली आणि ससूनच्या 'श्रीवत्स'मधून दत्तक गेली, हे तर क्रिकेट पाहणाऱ्यांना पाठ असेल. ती हे कधी लपवत नाही.

पण रूट सर्च करायला आधी आपण दत्तक आहोत हे माहीत हवं ना. ते सांगणारी कुठलीही तरतूद नाही. ते स्वयंपाकघरातच सांगावं लागतं.

मी मावशीला हे सगळं सांगितलं. म्हणजे रॅप वगैरे नाही, फक्त तो फोन, पस्तिसाव्या वर्षीचा. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हॉस्पिटल, वेळ आणि वजन, तिन्ही आहे माझ्याकडे. संस्थेने दिलेल्या फायलीत आहे." गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा ती फाईल कपाटाच्या वरच्या खणातून खाली आली होती, फोटोंच्या अल्बमशेजारी. आजी अजून रागावलेली आहे. पोरगी मला विचारत होती, दादा, तुझं वजन किती होतं रे जन्मलास तेव्हा? मला माहीत नव्हतं. आईला फोन लावावा लागला.